दप्तराला ऊन

सिस्टरांच्या घरात शिरताना चपला उंबऱ्याबाहेर आणि चहा त्याच्याही बाहेर ठेवावा लागे. कप हातात घेऊन कुणी आत पाऊल टाकलं की त्या बसल्या जागेवरून ओरडत, "हितं पेशंट हायेत! सांडासांडी भाईर!" नवखा माणूस दचकून आत डोकवायचा. आत माणूस कुणी नसे. एक खाट, भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, तीन लोखंडी ट्रंका, आणि त्या ट्रंकांमध्ये आमच्या नि आसपासच्या वस्त्यांवरच्या समित्यांची दप्तरं. तेच पेशंट.

'सिस्टर' ही हाक त्यांना नोकरीनं दिली होती. सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची सगळी उमर इंदापूर तालुक्यात गेली. अंथुर्ण्याच्या आसपास त्यांच्या हातावर मूल न आलेली वस्ती सापडणं कठीण. निवृत्त झाल्यावरही अंगावर तीच पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि खाली धापा टाकणारी एक मोपेड. खऱ्या नावानं त्यांना कुणीच हाक मारत नसे. मीही इथं मारणार नाही. काही लोक त्यांना डोक्यानं सरकलेली म्हणत. म्हणोत. या सरकलेल्या बाईच्या घरात आमच्या वस्तीचे कागद वाळवीपासून वाचले. शहाण्यांच्या घरात त्यांच्या होड्या झाल्या.

आमच्याकडं समिती स्थापन करायला एक सतरंजी आणि एक भांडण पुरतं. जयंती समिती, विहार समिती, महिला मंडळ, पिण्याच्या पाण्याची समिती, पलीकडच्या शेतकऱ्यांचं भजनी मंडळ. सगळं विनामोबदला, सगळं हौसेचं. दप्तर ज्याच्या घरी सेक्रेटरीपद त्याच्या घरी, फळीवर, मसाल्याच्या डब्यांमागं. सेक्रेटरी रुसला की दप्तरही रुसायचं. तो वस्ती सोडून गेला की तेही जायचं, नाहीतर चुलीत जायचं. सिस्टर मोपेडवरून दारात यायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, तुमच्या घरात एक फाईल आजारी हाय म्हणं. बघू द्या." फाईल उघडून आधी तिचा वास घ्यायच्या. मग पानाच्या कडेवरून बोट फिरवून निदान सांगायच्या. "ओल धरलीय. कसर बी लागलीय. ॲडमिट करावं लागंल."

ॲडमिट झालेल्या फाईलचा खिळा पहिल्यांदा निघे, कारण खिळा गंजतो आणि गंज पान खातो. पानं सुताच्या दोऱ्यानं शिवली जात, जखम शिवावी तशी, एकेक गाठ दातानं तोडत. मग त्यांच्या जुन्या पांढऱ्या साड्यांचे चौकोन कापलेले असत, त्यात ती फाईल गुंडाळून, चारी टोकं बांधून, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्या घालून ट्रंकेत. त्या सगळ्या नोकरीत नेसलेल्या साड्या होत्या. एकदा मी विचारलं, नव्या कापडाचे चौकोन का नाही करत? म्हणाल्या, "नव्या कापडात खळ असती. खळ किडा खातो. धुऊन धुऊन मेलेलं कापडच बरं."

भजनी मंडळाचे एक तात्या एकदा त्यांचं बाड ठेवायला आले आणि उघडी ट्रंक बघून घुटमळले. विहार समितीचं गाठोडं वरच होतं.

"सिस्टर, म्हंजी ह्या सगळ्यांचं एकाच पेटीत?"

"व्हय. आमच्या वॉर्डात जात बघून खाट देत न्हाईत."

"तसं न्हवं, पर..."

"घरी न्यायचं तर न्या की. तुमच्या घरची वाळवी तेवढी इचारून घ्या, कुणाचं खाती न कुणाचं न्हाय."

तात्यांनी बाड ठेवलं. पुढं सिस्टरांनी ते विहार समितीच्या गाठोड्याला चिकटून ठेवलं, मुद्दाम.

मी त्या वेळी नुकतीच बी.कॉम. झाले होते. वडील बारामतीत बँकेत होते, मी तिथल्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. मग वडिलांनी मूळ वस्तीवर घर बांधलं आणि रोज स्कूटरवरून जा-ये करू लागले. मला वस्तीवर कुणी ओळखत नव्हतं आणि मी ओळख होऊ देत नव्हते. मराठीत काही बोलायचं तर शब्द आधी मनात तपासून घ्यायची मला सवय. तपासून होईपर्यंत विषय बदललेला असे. गप्प राहणं सोपं पडायचं. तरीही शिकलेली म्हणून महिला मंडळानं मला सेक्रेटरी केलं, मला न विचारता. सिस्टर मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय सेक्रेटरी, तू इंग्लिशमधी गप बसतीस का मराठीमधी?"

मी हसले.

"दोनीमधी," त्यांनीच निकाल दिला. "चांगलं हाय. जो लई बोलतो त्याला दुसऱ्याचं लिवता येत न्हाय."

माझ्या पहिल्या बैठकीला आण्णा आले होते. आण्णा म्हणजे आमच्या वस्तीतले पुढारी, रस्त्याच्या मोऱ्या बांधायची कंत्राटं घेणारे. पांढरे कपडे, मऊ आवाज, प्रत्येक समितीत मार्गदर्शक. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर.' सिस्टरांनी वही वाचली आणि पेन उलटं करून त्या शब्दावर टकटक केलं.

"सर्वानुमते म्हंजी कोन कोन?"

"सगळ्या," मी म्हटलं.

"सगळ्या न्हाय म्हंत्यात. नावं सांग. हौसाबाईनं हात वर केलावता का?"

हौसाआजी कोपऱ्यात बसली होती. म्हातारी, पण आवाज असा की कालव्याच्या फाट्याच्या पलीकडच्या उसातल्या बाया वळून बघाव्यात. ती म्हणाली, "म्या कशाला करू? म्या तर तंबाखू मळत हुते."

"लिव," सिस्टर म्हणाल्या. "हौसाबाई, तटस्थ."

आण्णा हसत म्हणाले, "सिस्टर, एवढं कोण वाचतंय?"

"आज कुनी न्हाय," सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवसापासून 'सर्वानुमते' हा शब्द मी कधी लिहिला नाही. होकार देणाऱ्यांची नावं, नकार देणाऱ्यांची नावं, आणि तंबाखू मळणाऱ्यांची नावं. मजकूर संपला की पानावर उरलेल्या जागेत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ. "रिकामी जागा ठिवायची न्हाय. रिकाम्या जागंत कुनीबी यून बसतं."

त्यांनी स्वतः लिहिलेली बैठकांची जुनी प्रोसिडिंगं वाचणं ही माझी चैन होती. नर्सच्या चार्टसारखी ती लिहिलेली. 'बैठक सुरुवातीस शांत. पाण्याचा विषय निघताच ताप चढला. चहा दिल्यावर उतरला.' एका ठिकाणी: 'अध्यक्षबाई मध्येच उठून गेल्या, कारण म्हैस.' आणखी एका ठिकाणी: 'भजी कच्ची होती. ज्यांनी तक्रार केली त्यांची नावे पुढे. ज्यांनी खाऊन तक्रार केली त्यांची वेगळी.' मी एकटीच हसत बसायचे. सिस्टर खाटेवरून बघत आणि म्हणत, "हसतीस काय? भजी कच्ची हुती."

वर्षातून एकदा दप्तराला ऊन द्यायचं, हा त्यांचा नेम होता. दिवस ठरलेला नसे, काळ ठरलेला असे. हंगाम चालू असेपर्यंत साखर कारखान्याच्या धुराड्यातून काळ्या काजळीचे पापुद्रे उडत येतात, दोरीवरचे कपडे खराब करतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की आभाळ निवळतं. बाया कुरडया, सांडगे अंगणात घालतात. त्याच दिवसांत सिस्टर सांगावा धाडायच्या: ज्यांच्या घरी बाज आहे त्यांनी बाज आणावी. मंडळाच्या खोलीपुढं बाजा मांडल्या जात, त्यांवर गाठोडी सोडून कागद पसरले जात, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येक चळतीवर फाट्यातला गुळगुळीत गोटा. आणि राखणीला समित्यांची माणसं.

राखण करता करता वाचन व्हायचं. हाही नेमच. वाचणारीनं जुन्या बैठकीतल्या हजर बायांची नावं वाचायची आणि जिचं नाव येईल तिनं "हजर" म्हणायचं. बाई वारलेली असेल तर तिच्या घरातल्या कुणी म्हणायचं. पहिल्या वर्षी मला हा पोरखेळ वाटला. मग एक नाव वाचलं गेलं. मागून एक तरणी सून डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "सासूबाईंचं हाय. त्या न्हाईत. मी हाय की. हजर." पोरखेळाचा विचार मी पुन्हा केला नाही.

मंडळाची ती खोली मोठी नव्हती. रस्त्याला लागून, वर पत्रा, आत एक फळा, दोन शिलाई मशीन. पण ती बायांनी स्वतः उभारली होती. दगड, मुरूम, पाणी, सगळं डोक्यावरून. सकाळी तिथं शिवणकाम चाले, दुपारनंतर दहावी-बारावीच्या मुली अभ्यासाला बसत, कारण घरी बसलं की कुणी ना कुणी पाणी मागतं. साक्षरतेचा वर्गही तिथंच व्हायचा. आठवड्यातून तीनदा मी त्या मुलींना इंग्रजी शिकवू लागले. फळ्याकडं तोंड करून मला बोलता येत असे. हळूहळू मुलींकडं तोंड करूनही येऊ लागलं. त्या खोलीइतकी दुसरी कुठलीही जागा तोवर माझी झाली नव्हती.

आण्णांना ती खोली हवी होती. रस्त्यालगतची, बसस्टॉपसमोरची; पाटी लावायला उत्तम. त्यांनी सगळ्या समित्यांची मिळून एक संयुक्त समिती काढली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. खोलीत समितीचं कार्यालय, म्हणजे त्यांची बैठक. मुलींनी अभ्यास विहारात करावा, मशीन कुणीतरी घरी न्यावं. बोलताना ते "माझ्या आयाबहिणींसाठीच" असं म्हणायचे.

मग त्यांच्या घरची मंडळी एक कागद घेऊन घरोघर फिरली. पुण्याहून मोठे पाहुणे येणार आहेत, स्वागताला कोण कोण येणार त्यांच्या सह्या हव्यात. कागदाचा वरचा भाग कोरा होता. आमच्याकडं हे कुणाला खटकत नाही. सह्या आधी होतात, मजकूर मागून येतो, सगळ्या समित्या अशाच चालतात. कोऱ्या कागदावर सही न करणं म्हणजे मागणाऱ्याचा अपमान. बायांनी सह्या केल्या. मी कॉलेजच्या कामाला बारामतीला गेले होते, म्हणून माझी राहिली.

दोन दिवसांनी वरचा भाग भरून आला. महिला मंडळ स्वखुशीनं संयुक्त समितीत सामील होत आहे, खोली आणि दप्तर पाहुण्यांच्या हस्ते समितीकडं सुपूर्द करत आहे. खाली पंचवीसेक बायांच्या सह्या, सगळ्या खऱ्या. फक्त सेक्रेटरीची जागा रिकामी. आण्णा स्वतः आमच्या घरी आले. वडील म्हणाले, "करून टाक सही. आपल्याला इथंच राहायचंय, कशाला वैर?" मी कागद हातात घेतला, वाचला, आणि परत दिला. कारण सांगायला तपासलेला शब्द सापडेना. आण्णा मऊ आवाजात म्हणाले, "राहू दे. लाजाळू आहे पोरगी. तुझ्या सहीवाचून अडत नाही. दप्तर हातात आलं की झालं." ते खरंही होतं. आमच्याकडं ज्याच्या हातात दप्तर, त्याची समिती.

मी तशीच सिस्टरांकडं गेले. हौसाआजी तिथं आधीच येऊन बसली होती, रडवेली.

"म्या केली सही," ती म्हणाली. "त्या वर्गात शिकले तवापासनं कुनी सही मागितली की हात शिवशिवतो बया. आंगठं दिऊन जलम गेला. सही करायला मिळती म्हून केली!"

"हौसाबाई," सिस्टर म्हणाल्या, "सही म्हंजी इंजेक्शन. कुठं टोचतंय ते बघून करावं."

"आता काय करायचं?"

सिस्टर साडीचा एक चौकोन शिवत होत्या. दोरा तोडला, गाठ मारली. "दप्तर मागतोय न्हवं? दिऊ की."

मला राग आला. इतका की शब्द न तपासता बाहेर पडले. "तुम्ही देणार? ज्यांनी डोक्यावरून दगड आणले त्यांना विचारलंय का?"

सिस्टरांनी मान वर केली. मला वाटलं रागावतील. त्यांनी सुई कापडात खोचली. "माझ्या बापानं शाळेच्या भिंतीसाठी दगड वाहिलं," त्या म्हणाल्या. "आमच्या आळीतल्या सगळ्यांनी वाहिलं. जाऊन बघ, भिंतीवर फरशी हाय, तिच्यावर नाव कुनाचं हाय ते. मला नकू सांगू पोरी." मग सुई पुन्हा हातात घेत, "देनार म्हंजी रीतसर देनार. मी सरकारी बाई हाय. चार्ज दिल्याबिगर मी कायबी दिलं न्हाय कुनाला."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच एक बैलगाडी खोलीपुढं येऊन थांबली. तीत तीन ट्रंका आणि बाजा. मांडवात खुर्च्या लागत होत्या, आणि मांडवाच्या शेजारी, लख्ख उन्हात, बायांनी बाजा मांडल्या. गाठोडी सुटली, कागद पसरले, गोटे ठेवले गेले. आण्णा खूश झाले. त्यांना ते प्रदर्शन वाटलं. पाहुणे आले, निवृत्त अधिकारी होते, शिस्तीचे, सफारी घातलेले. हार झाले. आण्णांनी माईकवरून जाहीर केलं की महिला मंडळ आता आपलं दप्तर स्वखुशीनं सुपूर्द करत आहे, आणि सिस्टरांना बोलावलं.

सिस्टर उठल्या, पण मांडवात गेल्या नाहीत. बाजेपाशी उभ्या राहिल्या. "आण्णा, हिकडं या. घेनाऱ्यानं वस्तूपाशी यावं लागतं."

"अहो सिस्टर, गाठोडं द्या की असं, फोटो काढू."

"असं कसं? उपकेंद्राचा चार्ज दिला तवा फुटका थर्मामीटरबी सही घिऊन दिलाय म्या. एकेक बैठक वाचून द्यायची, घेनाऱ्यानं ऐकून सही करायची. न्हायतर उद्या तुमीच म्हनशीला, सिस्टरनं पानं खाल्ली."

आण्णांनी हसून पाहुण्यांकडं बघितलं. त्यांनी टाळावं अशी अपेक्षा असावी. पण पाहुण्यांनी आयुष्यभर चार्ज घेतले नि दिले होते. ते खुर्चीत पुढं सरकले आणि मान हलवत म्हणाले, "बाई बरोबर बोलतायत. चार्ज रीतसरच हवा. घ्या तुम्ही, आम्ही बसतो."

आण्णांना उन्हात यावं लागलं. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली, लोखंडी, तापलेली.

"वाच सेक्रेटरी," सिस्टर म्हणाल्या.

मांडवभर माणसं होती. मी पहिलं पान उचललं, त्यावरचा गोटा हातात तसाच राहिला, आणि वाचू लागले. माझं मलाच ऐकू येईना.

"मोठ्यानं. पेशंट बहिरं हायेत."

मी मोठ्यानं वाचलं. पहिली बैठक, खोली कुठं बांधायची हा विषय, हजर बाया. एकेक नाव. मांडवातून एक "हजर" आला. मग दुसरा, खोलीच्या पायरीवरून. हौसाआजीचं नाव आलं तेव्हा तिनं असा "हजर!" ठोकला की पाहुणे हसले. ठराव वाचला. हौसाआजीचा विरोध वाचला, रस्त्याच्या कडेला नको, पोरी गाडीखाली येतील. "आजूनबी इरोदच हाय," ती ओरडली, "खोलीला न्हवं, जाग्याला!" आण्णांनी सही केली. दुसरी बैठक. मुरूम कुणी आणायचा. नावं. "हजर." "हजर." सही. घाम त्यांच्या कॉलरमध्ये उतरू लागला. उन्हात पांढरे कपडे चमकत होते.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत पाणी वाहणाऱ्या बायांची यादी होती. मी एक नाव वाचलं आणि उत्तर आलं नाही. पुन्हा वाचलं. बाया हळूहळू आण्णांकडं वळल्या. ते नाव त्यांच्या आईचं होतं. त्या म्हातारीनं पाणी वाहिलं होतं हे आमच्यात सगळ्यांना माहीत होतं, आण्णांनाही. मोठ्यानं कुणी कधी म्हटलं नव्हतं इतकंच.

"पुढं वाचा," आण्णा म्हणाले.

"गैरहजर लिवू का?" सिस्टरांनी विचारलं. आवाज अगदी साधा, डोस दिला का विचारावं तसा.

आण्णांनी मांडवाकडं बघितलं.

"आण्णा," हौसाआजी म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खाली होता, "तुज्या आयचं नाव हाय रं. तिच्या डोक्यावरची चुंबळ म्या बांधली हुती. तुज्यावाचून कोन म्हननार?"

आण्णांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "हजर."

मी पुढची नावं वाचली. त्यांनी सही केली. मला वाटलं, आता ते उठतील आणि म्हणतील, राहू द्या खोली. तसं काही झालं नाही. माणसं इतकी सहज बदलत असती तर सिस्टरांना ट्रंका लागल्या नसत्या. पाहुण्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. ते जाताना सिस्टरांना म्हणाले, "उत्तम दप्तर आहे. पूर्ण चार्ज झाल्याशिवाय हलवू नका." आण्णा त्यांच्या मागं गेले. जाता जाता त्यांनी सांगितलं, "उरलेलं उद्या."

"उद्या ऊन असंल तर," सिस्टर म्हणाल्या.

उन्हं उतरल्यावर दप्तर उघडं ठेवायचं नसतं. आम्ही गाठोडी बांधली. आण्णांनी सह्या केलेल्या बैठकी मी वेगळ्या काढू लागले, तशी सिस्टरांनी हात धरला. "आर्दा चार्ज घेता येत न्हाय. सगळं न्हायतर काय न्हाय." दुसऱ्या दिवशी ऊन होतं, आम्ही होतो, बाजा होत्या. आण्णा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पुढं त्यांनी आपलं कार्यालय माळेगावच्या रस्त्याला एका गाळ्यात थाटलं. तो सह्यांचा कागद अजून त्यांच्याकडं असेल. असू दे. खोलीत मुली बसतात.

सिस्टरांनी मला चार्ज दिला तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. त्यांच्या छातीत दुखत होतं, पण डॉक्टरकडं जायचं सोडून त्या बाजेवर बसून ऐकत राहायच्या, मी वाचायचे, सही करायचे. आख्खा वैशाख गेला. शेवटच्या पानावर त्यांनी मला लिहायला लावलं: 'साडीचे रिकामे चौकोन, उरलेले. डांबरगोळ्या, अर्धी पुडी. मोपेड, चालत नाही.' मग पेन माझ्या हातातून घेऊन उरलेल्या जागेत स्वतः तिरपी रेघ मारली. रेघ वाकडी आली. पावसाळ्याआधी त्या गेल्या.

गेल्या वर्षी संयुक्त समितीचे नवे तरुण अध्यक्ष घरी आले, बरोबर दोघं. ट्रंका आता आमच्या घरी, माझ्या खोलीत आहेत. वडिलांनी कुरकुर केली होती; मी खाट भिंतीला सरकवून जागा केली. आईनं पाहुण्यांना चहा दिला. अध्यक्ष गोड बोलत होते.

"ताई, तुमचं लग्न ठरतंय म्हणे. आनंद आहे. पण तुम्ही म्हणजे आज इथं, उद्या सासरी. दप्तर आमच्या ताब्यात दिलेलं बरं."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी नेहमीसारखी शब्द तपासत असेन असं त्यांना वाटलं असावं. पण हे शब्द कधीचे तपासून, शिवून, पांढऱ्या कापडात बांधून ठेवलेले होते.

"घ्या ना," मी म्हटलं. "रीतसर चार्ज देते. आधीच्यांनी अर्ध्यात सोडला होता, म्हणजे पहिल्यापासून सुरू करावं लागेल. बसा."

ते तिघं कप हातात घेऊन हसत माझ्या खोलीत येऊ लागले.

"चहा बाहेर ठेवा," मी म्हणाले.

बाज अंगणातच होती, कारखान्याचा पट्टा पडला होता, ऊन चांगलं होतं. मी पहिलं गाठोडं तिच्यावर आणून सोडलं, पानावर गोटा ठेवला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिली बैठक. खोली कुठं बांधायची. हजर बाया.

भिंतीपलीकडून, मी नाव घ्यायच्याही आधी, हौसाआजी ओरडली, "हजर! आन् इरोद लिव!"